बाराव्या फटक्याचं उत्तर

सुमेधा खरात हिची आणि माझी पहिली गाठ लिफ्टमध्ये पडली. इथे परदेशात, सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये मी सहाव्या मजल्यावर मुलाकडे राहतो, ती नवव्यावर एकटी. लिफ्टचं दार उघडलं, तर आत एक बाई फोनवर आईशी मराठीत बोलत उभी, आणि तिच्यापेक्षा उंच एक कापडी पिशवी तिने खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात तिरकी धरलेली. फोन संपायची वाट मी कशीबशी पाहिली.

"मासे धरायला निघालीस का गं?"

"नाही काका. काठी आहे."

झालं! काठी म्हटल्यावर मी कुठला गप्प बसतोय. आमचं गाव विट्याच्या बाजूचं, शाळा सातवीपर्यंत, आणि सातवीनंतरचं जे काही शिक्षण झालं ते तालमीत. तळमजला येईपर्यंत मी तिला आमचे बाबू वस्ताद, त्यांनी लाठीने हवेतल्या हवेत फोडलेलं लिंबू, आणि त्या लिंबाचं बी डोळ्यात गेलेला पोलीस पाटील, इथपर्यंत आणलं होतं. दार उघडलं तरी मी बोलतच होतो. तिने एका पायाने दार अडवून धरलं आणि पाटलाचा डोळा बरा होईपर्यंत सगळं ऐकून घेतलं. माणूस मला तिथेच कळलं.

मग म्हणाली, "पण ही लाठी नाही काका. ही स्कॉटलंडची विद्या आहे."

"स्कॉटलंडात काठी कुठली? तिकडे तर ते घागरे घालून पिपाण्या वाजवतात."

ती हसली. एवढी मोठ्याने हसलेली तिला मी त्यानंतर क्वचितच पाहिली, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सुमेधा मूळची फलटणची. इथल्या विद्यापीठात आधी संशोधन केलं, मग तिथेच नोकरीला लागली. काम काय, तर धातूच्या पट्ट्या यंत्रात धरून मोडायच्या. कधी, कुठे, किती ताणावर मोडल्या ते टिपून ठेवायचं. वय छत्तीस. घरात बुद्धाची एक लहानशी मूर्ती, पुस्तकं, आणि भिंतीला टेकवलेल्या दोन काठ्या. सहा वर्षं दर रविवारी सकाळी ती बेटाच्या या टोकावरून त्या टोकाला, चोआ चू कांगला, एमआरटी रेल्वेने जायची. तिथे तिचा गुरू राहायचा, डंकन. वय एक्याऐंशी. जहाजांच्या इंजिनांवर आयुष्य काढलेला स्कॉटिश म्हातारा. बायको इथलीच होती, ती वारली. मुलगा तिकडे अ‍ॅबर्डीनला.

या डंकनकडे बारा फटक्यांची एक जोडी होती. बारा मारायचे आणि बारा झेलायचे. थोडं त्याच्या आजोबांकडून आलेलं, थोडं जुन्या सैनिकांच्या पुस्तकांवरून त्याने स्वतः बसवलेलं. त्यात जुनं किती आणि जोडकाम किती, हे तो स्वतःच प्रामाणिकपणे सांगायचा, "ठाऊक नाही." तिकडे म्हणे आता बरेच लोक असं करतात. मेलेल्या विद्या पुस्तकांतून उकरून पुन्हा हातात आणतात. काठी सहा-साडेसहा फुटांची. मागचा हात बुडाशी, पुढचा तिथून दोन विती वर. आणि आमच्यासारखी गरागरा फिरवायची नाही. टोक समोरच्याच्या तोंडासमोरून हलू द्यायचं नाही. डोकं, गुडघा, बरगडी, मनगट, आणि मध्येच भाल्यासारखा सरळ भोसका. मला आधी वाटलं, ही कसली काठी, हिच्यात नाचच नाही. नंतर एकदा बरगडीवर बसली तेव्हा मत बदललं.

डंकनचे दोन नियम होते. पहिला, हातात काठी असताना त्याला कोणी 'सर' म्हणायचं नाही. म्हटलं की तो काठी खाली ठेवून चहा करायला निघून जायचा. दुसरा, शिकणाऱ्याने मारायचं आणि शिकवणाऱ्याने झेलायचं. सात वर्षं. सात वर्षांनी बाजू बदलायची. मग शिकवणारा मारणार आणि शिकणारा झेलायला शिकणार.

सुमेधाचं सहावं वर्ष संपत आलं होतं, आणि गेल्या मार्चात डंकनला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

पंधरा दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन आमच्या दारात उभी. तोपर्यंत लिफ्टमधल्या ओळखीचं जिन्यातल्या गप्पांत आणि तिथून आमच्या घरच्या चहात रूपांतर झालं होतं. सूनबाई क्षिप्राने तिला बसवलं. तिने चहा घेतला नाही. लॅपटॉप उघडला.

"काका, हे बघा. त्रेचाळीस व्हिडिओ आहेत. सहा वर्षांतले."

पाहिले. प्रत्येकात ती. तिचे पाय, तिचे खांदे, तिचा फटका. समोरून मध्येच एक काठी येते, टक् करून लागते आणि जाते. काठी धरणारा माणूस कुठेच नाही.

"हे कोण?"

"हेच तर. ते नाहीतच यात." तिचा आवाज अगदी सपाट होता. "कॅमेरा मी स्वतःवर लावायचे. माझ्या चुका मला दिसाव्यात म्हणून. मोजमाप हा माझा धंदा आहे काका, आणि मी सहा वर्षं फक्त स्वतःला मोजलं. बारा उत्तरं त्यांच्या एकट्याच्या अंगात आहेत. दुसरं कोणी शिकलेलं नाही. जे होते ते दोन-दोन वर्षांत सोडून गेले."

"मुलगा?"

"मुलाने फोनवर विचारलं, त्या काठ्या कचऱ्यात टाकता येतात का."

क्षिप्रा म्हणाली, "अगं, पण ते बरे होतील ना."

"डॉक्टर काही महिने म्हणतात, वहिनी."

तिला समोर उभा राहणारा माणूस हवा होता. डंकनकडून उत्तरं काढायची, ती कोणाच्या तरी अंगात बसवायची, आणि समोरून फटके मारून ती खरी आहेत का ते पाहायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेला मी, एवढाच तिच्या ओळखीत काठी धरलेला माणूस. मला तर लग्नाचं आमंत्रण आल्यासारखं झालं. मी लगेच खिडकीबाहेरचा कपडे वाळत घालायचा बांबू ओढून घेतला.

"बाबा, त्याच्यावर चादरी आहेत!" क्षिप्रा ओरडली.

व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, आम्ही दोन दिवस उभे राहिलो. तिसऱ्या दिवशी कोणीतरी तक्रार केली आणि एक माणूस येऊन सांगून गेला, "अंकल, हिअर कॅनॉट लाह." मग आम्ही नदीकाठच्या मोकळ्या जागी गेलो. माझा हात सवयीने काठी फिरवायचा. ती म्हणायची, "काका, फिरवू नका." मी म्हणायचो, "अगं, जरा शोभा येते." ती म्हणायची, "शोभा आली की मनगट जातं." आणि खरंच, टक्कन मनगटावर बसायची.

अशाच एका दुपारी, दम खात बसलो असताना मी माझा गोष्टीचा डबा उघडला. काठीवरून काठी आठवत जाते. मला आमच्या लहानपणीचा येसकर आठवला. गावकीची ती घुंगरांची काठी घेऊन तो आमच्या दारात यायचा. उंबऱ्याबाहेर थांबायचा, काठी खाली टेकवायचा, जोहार करायचा. पाच वर्षांचा मी, घुंगरं वाजवायला धावलो आणि ती काठी धरली. आजीने मला तिथल्या तिथे थंडगार पाण्याखाली धरलं. मी आठवडाभर शिंकत होतो. हा किस्सा मी आयुष्यभर रंगवून सांगत आलोय. शिंकांची नक्कलसुद्धा करतो. लोक हसतात.

नक्कल झाली. ती हसली नाही.

"माझ्या पणजोबांकडे तीच काठी होती," ती म्हणाली. "आजोबांनी छप्पन सालानंतर ती चुलीत घातली. लाकूड जळालं. घुंगरं तेवढी जळाली नाहीत. राखेतून काढून त्यांनी ती विहिरीत टाकली. मी काठी शिकतेय हे बाबांना अजून आवडत नाही. म्हणतात, आपण ती एकदा जाळली ना, मग परत कशाला हातात घेतेस?"

मी विचारलं नाही, तरी तिनेच पुढे सांगितलं. "डंकनकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना 'सर' म्हटलं. ते काठी ठेवून चहा करायला गेले. म्हणून दुसऱ्या रविवारी परत गेले."

तिने काठी पिशवीत घातली आणि गेली.

दोन दिवस मी घरात बोललो नाही. क्षिप्राने कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. तिला काय सांगणार? ज्या किश्शात मी सत्तर वर्षं शिंका काढत आलो, त्यात दाराबाहेर एक माणूस उभा होता. त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी बांबू घेऊन नवव्या मजल्यावर गेलो. बेल वाजवली. तिने दार उघडलं. माफी मागायला म्हणून काही वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवेना.

"ती गोष्ट मी परत सांगणार नाही," एवढंच म्हटलं.

"सांगा," ती म्हणाली. "पण शिंका नका काढू." आणि आत जाऊन काठी घेऊन आली.

रविवारी आम्ही डंकनला ठेवलेल्या नर्सिंग होममध्ये गेलो. सुमेधाने वेताचे हातभर लांबीचे दोन तुकडे कापून आणले होते. खोलीत चार खाटा. डंकन खिडकीपाशी, उशांना टेकवून बसवलेला. केवढा मोठा माणूस असेल कधीकाळी! आता तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि गळ्याला लहान मुलाचं लाळेरं. सुमेधाने वेताचा तुकडा त्याच्या डाव्या हातात दिला, वही मांडीवर उघडली आणि आपल्या तुकड्याने पहिला फटका सावकाश त्याच्या डोक्याच्या दिशेने नेला.

डंकनचा हात खाली गेला. वेताचं टोक चादरीला टेकलं.

तिने हलकेच त्याचा हात उचलून पुन्हा वर आणला. पुन्हा फटका. पुन्हा हात खाली. पाच वेळा, सहा वेळा. मी मागून म्हणालो, "हातात जोर नाही गं बिचाऱ्याच्या." ती वहीत लिहीत होती, 'प्रतिसाद नाही'. डंकनने डोळे मिटले.

पुढच्या रविवारी तेच. हात वर केला की खाली. शेवटी त्याने वेत सोडून दिला, तो फरशीवर पडला, आणि म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते. नर्स म्हणाली, आज पुरे.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे पुन्हा ते व्हिडिओ लावून बसली. माझ्या डोळ्याला पडद्यावरचं नीट दिसत नाही, म्हणून मी आपला ऐकत बसलो होतो. सात-आठ व्हिडिओ झाले. मी म्हटलं, "सुरुवात परत लाव."

"का?"

"लाव तर."

आधी एक टक्. लांबून. मग डंकनचा आवाज, "आइज अप, लास," म्हणजे वर बघ, पोरी. मग दुसरी टक्, जवळून.

"ही दुसरी टक् कोणाची?"

"माझी. सलामी. सुरू करण्याआधी काठी जमिनीला टेकवतात."

"आणि पहिली?"

तिने दुसरा व्हिडिओ लावला. टक्. 'आइज अप.' टक्. तिसरा. चौथा. सगळ्यांत तेच. आधी त्याची, मग तिची.

"ते आधी टेकवायचे," ती हळू म्हणाली. "मला वाटायचं दोघं एकदमच. मी मान खाली घालायचे ना काका. गुरूसमोर वर बघायचं नाही, हे घरात शिकलेलं. ते दर वेळी म्हणायचे, वर बघ. मला वाटायचं, मान सरळ ठेव म्हणतात. सहा वर्षं मी ते पाहिलंच नाही."

पहिल्या फटक्याआधी शिकवणाऱ्याने शिकणाऱ्यापुढे काठी खाली टेकवायची, मग शिकणाऱ्याने उत्तर द्यायचं. तो म्हातारा दोन रविवार तिला सलामी देत होता, आणि आम्ही त्याचा हात उचलून परत वर ठेवत होतो. ती वहीत बघत होती म्हणून चुकली. मी तर सरळ त्या हाताकडे बघत होतो. पण काठी खाली टेकवणारा तो धाकला आणि उभा राहतो तो थोरला, एवढंच माझ्या डोळ्यांना आमच्या दारात शिकवलेलं. थोरला आधी वाकेल हे माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, हात गळतोय.

तिसऱ्या रविवारी ती वही घरी ठेवून आली. डंकनने वेत हातात घेतला नाही. तिने तो त्याच्या मुठीत ठेवला आणि वाट पाहिली. बराच वेळ गेला. शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता. मग डंकनचा हात खाली आला, टोक चादरीला टेकलं. सुमेधाने मान वर ठेवून, त्याच्या डोळ्यांत बघत, आपलं टोक टेकवलं.

त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. तिने फटका नेला. डावा हात उठला आणि वेताला वेत लागला. टक्.

त्या दिवशी तीन उत्तरं मिळाली. डाव्या हाताची, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी. ती मी जागेवरच माझ्या हातात सुलटी करून घ्यायचो. बुधवारी तिने रजा काढली, दोन मिळाली. रविवारी तीन. पुढच्या बुधवारी एकच, कारण मध्येच त्याची चादर ओली झाली आणि तो लाजेने डोळे उघडेना. सुमेधा खोलीबाहेर जाऊन उभी राहिली, नर्सने सगळं बदललं, पण त्याने वेत पुन्हा घेतला नाही. त्या पुढच्या रविवारी दोन. अकरा झाली. अकरावं उत्तर, बरगडीवरचं, काय सुंदर होतं! झेलता झेलता एक पाऊल आत यायचं. मी तिथल्या तिथे उभा राहून करून दाखवलं, तर डंकनच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा असावा. निघताना सुमेधाने त्याला बारा बोटं दाखवली, दहा आणि दोन. त्याने पापणी मिटली.

मंगळवारी ताप आला. छातीत कफ भरला. बुधवारी आम्ही गेलो तेव्हा नाकातोंडावर मास्क होता आणि हात चादरीखाली. तिने वेत पिशवीतून काढलेही नाहीत. गुरुवारी दुपारी फोन आला.

"ते पहिले दोन रविवार, काका," ती म्हणाली.

डंकनचा मुलगा दोन दिवसांसाठी आला. वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. बापाला तो अकरा वर्षांनी भेटत होता. म्हणाला, काठ्या तुम्ही घ्या, मला विमानात नेता येणार नाहीत. दहनाआधी तासाभरासाठी हॉल मिळाला होता. तिथे बारांची जोडी करायची, असं सुमेधाने ठरवलं.

आदल्या दिवशी सराव झाल्यावर मी तिला म्हटलं, "बारावा फटका कानशिलावर येतो ना? आमच्या तालमीत त्याला एक झकास उत्तर आहे. बसवून टाकू. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"अगं, अपुरं दिसेल."

"अपुरंच आहे काका. मी पट्टी मोडायला लावते आणि यंत्र मध्येच बंद पडलं, तर पुढचा आकडा मनाने लिहीत नाही. जागा रिकामी सोडते."

हॉलमध्ये माणसं मोजून नऊ. मुलगा, नर्स, ब्लॉकमधले दोन म्हातारे, जहाजावरचा एक जुना सोबती, असेच. शवपेटी समोर. मी झेलणाऱ्याच्या जागी, म्हणजे डंकनच्या जागी. हातात या वेळी बांबू नाही, डंकनची काठी, त्याच्या हातांनी गुळगुळीत झालेली.

त्या जागेचं पहिलं काम मला ठाऊक होतं. खरातांच्या लेकीसमोर मी काठी खाली टेकवली. टक्. ती माझ्याकडे बघत होती. मग तिची टक्.

फटके आले. पहिला, दुसरा, तिसरा. तिने हात जराही राखला नाही. माझे खांदे भरून आले, सहाव्याला पाय सरकला, पण उत्तरं चुकली नाहीत. अकराव्याला मी पाऊल आत टाकलं. आणि मग बारावा निघाला. माझ्या मनगटात साठ वर्षांपूर्वीचा बाबू वस्तादांचा डाव आपोआप जागा झाला. हात उठायला आला होता. मी तो उठू दिला नाही. काठी माझ्या कानशिलापासून बोटभर अंतरावर येऊन थांबली. ती तशीच उभी, मीही तसाच उभा. कोणी टाळी वाजवली नाही. मुलगा खाली बघत होता. मग पेटी न्यायला माणसं आली, आणि आम्हाला बाजूला व्हावं लागलं.

आता रविवारी नदीकाठी सुमेधा शिकवते. शिकणारी एकच आहे, मिस टॅन, बँकेत कारकून. नियमाप्रमाणे तिने मारायचं आणि सुमेधाने झेलायचं. सुमेधाचा खांदा दुखत असला की मी उभा राहतो. आधी मी टेकवतो, मग मिस टॅन. मान खाली घातली की सुमेधा बाजूने ओरडते, "आइज अप!"

परवा बारावा फटका कानाजवळ थांबल्यावर मिस टॅनने विचारलं, "अंकल, व्हाय यू नेव्हर ब्लॉक?"

मी सुमेधाकडे पाहिलं. माझ्याकडे या प्रश्नाला निदान चार किस्से तयार होते.

"वी डोन्ट नो," सुमेधा म्हणाली. "अगेन. फ्रॉम नंबर वन."

मी काठी टेकवली. अकरा झाले. बाराव्याचा वारा कानाला लागला. मी हललो नाही.